रिंगणातील दोन मिनिटे : श्वानप्रदर्शनात स्वभावाची पारख कशी होते?

पावसाळा सरला आणि हवेत थोडा गारवा आला, की श्वानप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. मैदानावर दोऱ्या बांधून आखलेली रिंगणे, कडेला मंडप, पिंजऱ्यांच्या रांगा, शेवटच्या क्षणापर्यंत कंगवा फिरवणारे मालक आणि ध्वनिक्षेपकावरून होणारा क्रमांकांचा पुकारा असे तिथले दृश्य असते. बाहेरून पाहणाऱ्याला ही निव्वळ सौंदर्यस्पर्धा वाटते. चमकदार केस, डौलदार चाल आणि ताठ मान यांनाच बक्षीस मिळत असावे, असा त्याचा समज होतो. परीक्षक मात्र कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवताना हाडांची ठेवण जशी अजमावतो, तसाच त्या अनोळखी हाताला कुत्रे कसा प्रतिसाद देते हेही टिपत असतो. प्रदर्शनाच्या गुणपत्रिकेत स्वभावाला अनेकदा वेगळा रकाना नसतो. तरीही स्वभावामुळे निकाल फिरू शकतो आणि दिसायला निर्दोष असलेले कुत्रे रिंगणाबाहेर पाठवले जाऊ शकते.

हा विषय केवळ हौशी श्वानपालकांपुरता राहिलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये हणजूण येथे पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा बळी गेला आणि कोणती कुत्री पाळू द्यावीत, या प्रश्नाने गोव्यात उग्र रूप धारण केले. त्याआधी १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने पिटबुल, रॉटवायलर यांसह २३ जातींची आयात, पैदास आणि विक्री रोखण्याविषयी राज्यांना परिपत्रक पाठवले होते. संबंधितांचे म्हणणे ऐकून न घेता ते काढण्यात आले, या मुद्द्यावर कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. जात पाहून बंदी घालावी की प्रत्येक कुत्र्याचा स्वभाव पाहावा, हा वाद अजून मिटलेला नाही. कुत्र्याचा स्वभाव पाहायचा म्हणजे नेमके काय पाहायचे, याचा सर्वांत जुना आणि उघडपणे चालणारा सराव प्रदर्शनाच्या रिंगणात होतो. त्या सरावाचे बळ कशात आहे आणि तो कुठे अपुरा पडतो, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

स्वभाव आणि शिस्त यांतील फरक

‘बस’ म्हटल्यावर बसणारे कुत्रे चांगल्या स्वभावाचे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. आज्ञापालन ही शिकवलेली गोष्ट आहे. स्वभाव म्हणजे अनपेक्षित प्रसंगी कुत्र्याच्या मनात आपोआप उमटणारी प्रतिक्रिया. भांडे खणकन पडले, अनोळखी माणूस अंगावर झुकला, दुसरे कुत्रे अंगाशी आले, तर ते दचकते का, दचकल्यावर किती वेळात सावरते, पळू पाहते, गोठून उभे राहते की दात दाखवते, यावरून त्याच्या मनाची घडण कळते. दचकणे हा दोष मानला जात नाही. दचकल्यानंतर सावरता न येणे हा दोष आहे.

ही घडण अंशतः रक्तातून येते. रशियन जनुकशास्त्रज्ञ दमित्री बेल्यायेव यांनी १९५९ मध्ये सायबेरियात चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. पिढी निवडताना त्यांनी रंगरूप बाजूला ठेवले आणि माणसाला न भिणारे, न चावणारे कोल्हे तेवढे पुढच्या पैदाशीसाठी राखले. थोड्याच पिढ्यांत शेपूट हलवत माणसाजवळ येणारे कोल्हे जन्माला येऊ लागले. स्वभावही निवडीने घडवता येतो, हे त्यातून स्पष्ट झाले. संगोपनाचा वाटा याच्या जोडीला असतो. अमेरिकेतील जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घ अभ्यासात, पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ सामाजिक जडणघडणीसाठी निर्णायक असल्याचे दाखवले. या काळात माणसांचा सहवास न लाभलेले पिल्लू पुढे कितीही प्रेमाने वाढवले, तरी भेदरलेले राहण्याची शक्यता असते.

रिंगणातील परीक्षकाला या दोन्ही गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. जन्मजात घडण आणि संगोपन मिळून समोर उभे राहिलेले कुत्रे तेवढे त्याला दिसते. तरीही त्याच्या निर्णयाचे मोल मोठे असते, कारण जिंकलेल्या नराला पैदाशीसाठी मागणी येते. एका विजेत्या नराची शेकडो पिल्ले घराघरांत जाऊ शकतात आणि त्यांतील अनेक घरांत लहान मुले असतात.

प्रदर्शने कशी सुरू झाली

आधुनिक पद्धतीचे पहिले श्वानप्रदर्शन जून १८५९ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे भरले. त्यात पॉइंटर आणि सेटर ही दोनच प्रकारची शिकारी कुत्री होती. १८७३ मध्ये ब्रिटनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि वंशावळीच्या नोंदी व प्रदर्शनाचे नियम यांना शिस्त आली. अमेरिकन केनेल क्लब १८८४ मध्ये उभा राहिला. चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ मध्ये लंडनमध्ये आपल्या नावाने भरवलेले प्रदर्शन आज ‘क्रफ्ट्स’ म्हणून जगभर ओळखले जाते. युरोपातील क्लबांनी १९११ मध्ये एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. तो ‘एफसीआय’ या संक्षिप्त नावाने परिचित आहे. भारतात चेन्नई येथे मुख्यालय असलेला केनेल क्लब ऑफ इंडिया नोंदणी आणि प्रदर्शनांचे काम पाहतो.

या सर्व संस्थांच्या कामाचा पाया म्हणजे प्रत्येक जातीचे ‘ब्रीड स्टँडर्ड’, अर्थात त्या जातीच्या आदर्श कुत्र्याचे लेखी वर्णन. डोक्याची ठेवण, दातांची जुळणी, पाठीची रेषा, केसांचा पोत, उंची आणि चाल यांबरोबर त्यात स्वभावाचाही परिच्छेद असतो. रिंगणातली कुत्री एकमेकांशी ताडून पाहिली जातात असे वाटते, परंतु प्रत्यक्षात प्रत्येक कुत्रे या लेखी आदर्शाशी ताडले जाते. स्वभावालाही हाच न्याय लागू होतो. सर्व जातींना एकच चांगला स्वभाव लावता येत नाही, हे त्यातले पहिले सूत्र.

त्या दोन मिनिटांत काय घडते

रिंगणात एका कुत्र्याच्या वाट्याला फारच थोडा वेळ येतो. अमेरिकेत परीक्षकाने ताशी सुमारे २५ कुत्री तपासावीत अशी अपेक्षा असते. म्हणजे एका कुत्र्यासाठी जेमतेम सव्वादोन ते अडीच मिनिटे. या अवधीचा प्रत्येक क्षण काही ना काही सांगून जातो.

आरंभी सर्व कुत्री आपापल्या हँडलरसोबत रिंगणात फेरी मारतात. मागून धावणाऱ्या कुत्र्याचा दबाव सहन न होऊन एखादे सतत मागे वळून पाहते, एखादे हँडलरच्या पायात घोटाळते, तर एखादे पुढच्यावर गुरगुरते. परीक्षक दूर उभा राहून हे पाहतो. त्याने अजून एकाही कुत्र्याला हात लावलेला नसतो, पण निम्मी पारख इथेच झालेली असते.

नंतर एकेक कुत्रे तपासणीसाठी उभे केले जाते. लहान जाती टेबलावर आणि मोठ्या जमिनीवर. जाणता परीक्षक समोरून, किंचित बाजूने आणि सहज पावलांनी येतो. तो डोळ्यांत रोखून पाहत नाही, अंगावर झुकत नाही आणि मागून अचानक हात टाकत नाही. आपण आलो आहोत याची कुत्र्याला जाणीव झाली, की हनुवटीखाली किंवा मानेकडे हात नेतो. मग डोके, कान, दात, खांदे, छाती, पाठ आणि मांड्या असा हात क्रमाने मागे जातो. नराच्या बाबतीत दोन्ही वृषणे पूर्ण उतरली आहेत का, हेही पाहिले जाते. दात पाहताना अनेक परीक्षक हँडलरलाच ओठ उचलून दाखवायला सांगतात. त्यामुळे संसर्ग टळतो आणि कुत्र्यावरचा ताणही कमी होतो.

अनोळखी माणसाने तोंड उघडणे आणि मागच्या भागाला हात लावणे या दोन्ही गोष्टी कुत्र्याच्या दृष्टीने मोठ्या धिटाईच्या आहेत. त्यामुळे शरीररचनेची तपासणी आपोआपच स्वभावाची कसोटी ठरते. इथे परीक्षक बारीक खुणा वाचतो. शेपूट पायांत गेली आहे का? कान मागे चिकटले आहेत का? डोळ्यांचा पांढरा भाग कडेने दिसतो आहे का? समोर खाऊ नसताना कुत्रे ओठ चाटते आहे का, वारंवार जांभया देते आहे का? अंग लाकडासारखे ताठ झाले आहे का? भुंकणारे कुत्रे चावत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. रिंगणातला अनुभव या म्हणीची दुसरी बाजू दाखवतो. भुंकणाऱ्यापेक्षा श्वास रोखून एकाएकी गोठलेले कुत्रे अधिक धोक्याचे असू शकते, कारण पळायला वाट नाही हे उमगल्यावर भेदरलेल्या प्राण्याकडे चावण्याखेरीज उपाय उरत नाही.

शेवटी कुत्र्याला एकट्याने चालवले जाते. सरळ जाणे-येणे किंवा त्रिकोणी फेरी, आणि मग परीक्षकासमोर मोकळे उभे राहणे. या वेळी हँडलरचा हात अंगावर नसतो. कुत्रे स्वतःच्या बळावर कसे उभे राहते, आजूबाजूला कुतूहलाने पाहते की धास्तीने, हे या अखेरच्या काही क्षणांत कळते.

भित्रा, राखीव आणि तुसडा

स्वभावाची पारख करताना सर्वाधिक गल्लत होते ती भित्रेपणा आणि राखीवपणा यांत. राखीव कुत्रे अनोळखी माणसाशी लगट करत नाही, पण जागेवर शांत उभे राहून स्पर्श सहन करते. भित्रे कुत्रे मागे सरकते, अंग चोरते आणि मालकाच्या आड दडते. पहिला अनेक जातींचा गुण आहे, तर दुसरा जवळजवळ प्रत्येक जातीत दोष मानला जातो.

जर्मन शेफर्डचे उदाहरण बोलके आहे. माक्स फोन श्टेफानिट्झ यांनी १८९९ मध्ये या जातीची संघटना उभारली, ती कामाच्या कुत्र्याचा आदर्श समोर ठेवून. अमेरिकेतील स्टँडर्डनुसार या कुत्र्याने आत्मविश्वासाने आपल्या जागी उभे राहावे आणि समोरच्याने केलेल्या जवळिकीला प्रतिसाद द्यावा, मात्र स्वतः होऊन जवळीक करू नये. हँडलरच्या मागे लपणे, घाबऱ्या नजरेने इकडेतिकडे किंवा वर पाहणे आणि शेपूट आत घालणे हे गंभीर दोष आहेत. परीक्षकाला चावू पाहणारे कुत्रे थेट अपात्र ठरते.

डॉबरमन ही जात जर्मनीतील आपोल्डा गावच्या कार्ल फ्रीडरिश लुई डोबरमान या करवसुली करणाऱ्या गृहस्थाने स्वतःच्या संरक्षणासाठी घडवली, असे मानले जाते. तिच्या अमेरिकी स्टँडर्डमध्ये भित्रेपणा आणि हिंस्रपणा यांची स्पष्ट व्याख्या आहे. तपासणीला उभे न राहता परीक्षकापासून अंग चोरणे, मागून कोणी आल्यास घाबरणे आणि अचानक झालेल्या आवाजाने फार बिचकणे या भित्रेपणाच्या खुणा. परीक्षकावर किंवा आपल्याच हँडलरवर हल्ला करणे अथवा तसा प्रयत्न करणे हा हिंस्रपणा. दुसऱ्या कुत्र्यांविषयीचा आक्रमक पवित्रा मात्र या व्याख्येत बसत नाही. अशा भित्र्या किंवा हिंस्र डॉबरमनला रिंगणाबाहेर काढणे हे परीक्षकाचे कर्तव्यच ठरवले आहे.

गोल्डन रिट्रीव्हरची कथा उलट आहे. शिकाऱ्याने टिपलेला पक्षी हळुवार तोंडात धरून आणून देणारी ही जात माणसांत रमणारी आणि विश्वासू असलीच पाहिजे. डॉबरमनमध्ये खपून जाणारी दुसऱ्या कुत्र्यावरची गुरगुर गोल्डनमध्ये जातीच्या स्वभावालाच सोडून असलेली ठरते. टेरियर गटात पुन्हा निराळाच न्याय. बिळात शिरून जनावराशी झुंजण्यासाठी घडवलेल्या या कुत्र्यांपैकी काही जातींत परीक्षक दोन-तीन कुत्र्यांना सुरक्षित अंतरावरून समोरासमोर आणतो. त्या वेळी छाती काढून, कान टवकारून, ताठ शेपटीने उभे राहणे अपेक्षित असते. झुंज लावायची नसते, तर धिटाई पाहायची असते.

चीनमधील चाऊ चाऊ ही जात अलिप्त म्हणून प्रसिद्ध आहे. तिचे डोळे खोल बसलेले असल्याने बाजूचे तिला नीट दिसत नाही. म्हणून तिच्या नजरेच्या टप्प्यातूनच जवळ जावे, असे स्टँडर्डच सुचवते. परीक्षक कडेने आला आणि चाऊ दचकला, तर दोष कुत्र्याचा म्हणावा की परीक्षकाचा? स्वभाव जोखताना शरीररचनाही ध्यानात ठेवावी लागते, याचा हा उत्तम दाखला.

आपल्या मातीतील कारवानी कुत्र्याच्या बाबतीत हा मुद्दा अधिक जवळचा होतो. दख्खनच्या पठारावर, महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटकात पूर्वापार पाळले जाणारे हे सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांच्या आश्रयाने नावारूपाला आले आणि ‘मुधोळ हाउंड’ म्हणूनही ओळखले जाऊ लागले. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद ‘कॅरव्हॅन हाउंड’ या नावाने करतो. मोकळ्या रानात सशामागे धावणारे हे कुत्रे मालकाशी एकनिष्ठ, पण परक्याच्या स्पर्शाला नाखूश असते. लॅब्रॅडॉरची मिठी पाहून आलेल्या नजरेला ते तुसडे वाटू शकते. जाणता परीक्षक त्याच्याकडून शेपूट हलवण्याची अपेक्षा करत नाही. ते स्थिर उभे राहते का आणि हात फिरवून घेते का, एवढेच पाहतो. मात्र शेतावर साखळीला बांधून वाढलेले आणि गर्दी प्रथमच पाहणारे पिल्लू रिंगणात थरथरू लागले, तर ‘देशी जात अशीच असते’ म्हणून त्याकडे डोळेझाक करणेही योग्य नाही. तशी सवलत दिल्याने त्या जातीचेच नुकसान होते.

परीक्षकाच्या हातातील अधिकार

एफसीआयच्या प्रत्येक स्टँडर्डच्या अखेरीस आक्रमक किंवा अतिभित्री कुत्री अपात्र ठरवावीत, तसेच शारीरिक अथवा वर्तनातील विकृती स्पष्ट दिसत असेल तर कुत्रे अपात्र ठरवावे, असे वाक्य असते. या पद्धतीत प्रत्येक कुत्र्याला ‘उत्कृष्ट’, ‘फार चांगले’, ‘चांगले’, ‘पुरेसे’ अशी श्रेणी मिळते. ‘उत्कृष्ट’ या श्रेणीच्या व्याख्येतच संतुलित स्वभावाची अट आहे. याखेरीज ‘परीक्षण अशक्य’ असा एक शेराही असतो. सतत हँडलरवर उड्या मारणारे, रिंगणाबाहेर पळू पाहणारे किंवा दात, बांधा तपासू न देणारे कुत्रे या शेऱ्यास पात्र ठरते.

अमेरिकेत माणसावर हल्ला करणारे कुत्रे अपात्र ठरते आणि रीतसर पुनर्परवानगी मिळेपर्यंत त्याला पुन्हा रिंगणात आणता येत नाही. धमकावणारे किंवा तपासू न देणारे कुत्रे त्या दिवसापुरते बाहेर पाठवले जाते. लहान पिल्लांच्या वर्गात परीक्षक बहुधा थोडे सबुरीने घेतात. आठ महिन्यांच्या पिल्लाचे बावरणे आणि तीन वर्षांच्या कुत्र्याचे बावरणे यांत फरक असतो.

नियम एवढे स्पष्ट असूनही ते वापरायला धैर्य लागते. दूरवरून, मोठा खर्च करून आलेल्या मालकाला ‘तुमचे कुत्रे रिंगणाबाहेर न्या’ असे चारचौघांत सांगणे सोपे नसते. ओशाळून पाठ फिरवणारे, भेदरलेल्या कुत्र्यावरून वरवर हात फिरवून त्याला रांगेत ठेवणारे परीक्षकही असतात. अशा वेळी दिलेली सवलत वरकरणी दयेची दिसते, पण तिची किंमत पुढच्या पिढीतील पिल्ले आणि ती घेणारी कुटुंबे मोजतात.

रिंगणाच्या मर्यादा

दोन मिनिटांत दिसणारा स्वभाव पूर्ण सत्य सांगत नाही, हेही तितकेच खरे. प्रदर्शनातील कुत्र्याला महिनोन्महिने उभे राहण्याची, दात दाखवण्याची आणि अनोळखी हातांची सवय लावलेली असते. हँडलरच्या मुठीतील कलेजीच्या तुकड्यावर नजर खिळलेले कुत्रे आजूबाजूचे काही पाहतच नाही. गळ्यातील बारीक पट्टा उंच ताणून धरला, की अंग चोरणारे कुत्रेही डौलात उभे असल्यासारखे दिसते. ही क्लृप्ती ओळखण्यासाठी परीक्षक पट्टा सैल सोडायला सांगतात.

क्रफ्ट्समध्ये २०१६ साली जातीतील सर्वोत्तम ठरलेल्या एका जर्मन शेफर्ड मादीची उतरती पाठ आणि चाल दूरचित्रवाणीवर पाहून ब्रिटनमध्ये मोठी टीका झाली. त्यानंतर त्याच वर्षी ब्रिटनच्या केनेल क्लबने त्या जातीच्या स्टँडर्डमध्ये भर घातली. कुत्र्याला कोणत्याही आधाराविना, मोकळेपणाने आणि शांतपणे उभे राहता आले पाहिजे, म्हणजे त्याचा बांधा आणि स्वभाव दोन्ही तपासता येतील, असा तिचा आशय होता. शरीर आणि मन वेगळे काढता येत नाही, याची ती कबुलीच होती.

स्वीडिश संशोधक केंट स्वार्टबेरी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास याहून अंतर्मुख करणारा आहे. ३१ जातींच्या १३ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या स्वभावचाचण्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. ज्या जातींत पैदाशीची निवड मुख्यतः प्रदर्शनाच्या यशावर झाली, त्यांत भीतीचे प्रमाण अधिक आणि खेळकरपणा, कुतूहल कमी आढळले. आक्रमकताही कमी होती. याचा अर्थ असा, की रिंगण चावरी कुत्री गाळते, पण भेदरलेली कुत्री त्याच्या जाळीतून निसटतात. मुकाट उभे राहणारे कुत्रे निर्भय असेलच, असे नाही.

रिंगणाबाहेरच्या चाचण्या

ही त्रुटी भरून काढण्यासाठी काही देशांत स्वतंत्र स्वभावचाचण्या घेतल्या जातात. ज्यांच्या नोंदी स्वार्टबेरी यांनी वापरल्या, त्या स्वीडनच्या चाचणीत कुत्र्याला दहा प्रसंगांतून नेले जाते. अनोळखी माणूस येऊन अभिवादन करतो आणि खेळायला बोलावतो. वाटेत माणसाच्या आकाराचे कपडे एकाएकी उभे राहतात. पत्र्यावरून साखळी खडखडत ओढली जाते. पांढऱ्या चादरी पांघरलेली दोन ‘भुते’ संथपणे चालत येतात. शेवटी बंदुकीचा बार होतो. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवण्यापेक्षा प्रत्येक प्रसंगातील प्रतिक्रिया अंकांत नोंदवण्यावर तिथे भर असतो, विशेषतः घाबरल्यानंतर कुत्रे त्या वस्तूजवळ स्वतः जाऊन तिचा वास घेते का, यावर.

जर्मनीत जर्मन शेफर्ड, डॉबरमन यांसारख्या कामाच्या जातींना पैदाशीआधी स्वभावाची कसोटी द्यावी लागते. नुसते देखणेपण पुरत नाही. अमेरिकेतही एका स्वतंत्र संस्थेची चाचणी १९७७ पासून चालत आली आहे. तीत एकाएकी छत्री उघडणे, खड्यांनी भरलेला डबा खुळखुळवणे, प्लास्टिकवर आणि तारेच्या जाळीवर चालवणे, विचित्र वागणारा माणूस समोर आणणे असे प्रसंग असतात.

‘सायन्स’ या नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. एका कुत्र्याचे वर्तन दुसऱ्यापेक्षा वेगळे का, याचे स्पष्टीकरण जातीवरून सरासरी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास मिळते. काही गुणांत जातीचा ठसा अधिक असतो आणि ताकदवान जबड्याच्या कुत्र्याने केलेली इजा अधिक घातक असते, हे नाकारता येत नाही. तरीही दोन कुत्र्यांची जात एक म्हणून त्यांचा स्वभाव एक, असे मानता येत नाही. जातींची यादी करून प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी आणि ‘आमची जात मुळातच प्रेमळ’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनीही हा आकडा लक्षात ठेवायला हवा.

घरी पिल्लू आणण्यापूर्वी

आपल्याकडील परिस्थितीत परीक्षकापुढे आणखी काही अडचणी असतात. उकाड्यात धापा टाकणारे कुत्रे तापले आहे की घाबरले आहे, हे ओळखावे लागते. तापलेल्या कुत्र्याची जीभ सैल, रुंद लोंबते आणि नजर स्थिर असते. घाबरलेल्याच्या तोंडाच्या कडा मागे ओढलेल्या असतात आणि डोळे वाट शोधत असतात. कर्णकर्कश ध्वनिक्षेपक, रिंगणाला खेटून उभी गर्दी आणि दोरीखालून हात घालणारी मुले या साऱ्यांचा ताण कुत्र्यावर येतो. आयोजकांनी रिंगण आणि प्रेक्षक यांत पुरेसे अंतर ठेवले, सावली आणि पाणी दिले, तर पारख अधिक न्याय्य होईल.

प्रदर्शन पाहायला जाणाऱ्या सामान्य वाचकालाही तिथे बरेच शिकता येते. पिल्लू घ्यायचे असेल, तर चषकाकडे पाहण्याआधी विजेते कुत्रे रिंगणाबाहेर कसे वागते ते पाहावे. पट्टा सैल असताना, खाऊ समोर नसताना आणि कोणी अनोळखी व्यक्ती मालकाच्या परवानगीने जवळ गेली असताना त्याचे वर्तन कसे असते, यावर लक्ष द्यावे. पैदास करणाऱ्याच्या घरी जाऊन पिल्लाची आई पाहावी. आई समोर आणायला टाळाटाळ होत असेल, तर तो इशारा समजावा. पिल्ले माणसांच्या वावरात वाढली आहेत की मागच्या पिंजऱ्यात, हे विचारावे. कोपऱ्यात दडून बसलेले पिल्लू पाहून दया येते, पण घरात लहान मूल असेल तर त्या दयेपोटी निर्णय घेऊ नये. सर्वांच्या अंगावरून उड्या मारणारे पिल्लूही प्रत्येक घराला पेलवत नाही. पुढे येऊन हुंगणारे, आवाजाने दचकले तरी लगेच परत फिरणारे पिल्लू बहुतेक कुटुंबांना सोयीचे.

रिंगणातला चषक हा कुत्र्याच्या स्वभावाचा दाखला नाही, पण त्या दिशेने टाकलेले एक पाऊल जरूर आहे. परीक्षकाने धीटपणे दोष दाखवला, क्लबांनी प्रदर्शनाला स्वभावचाचणीची जोड दिली आणि पैदास करणाऱ्याने भेदरलेल्या विजेत्यापासून पिल्ले घेण्याचा मोह टाळला, तर ही परंपरा समाजाच्या उपयोगी पडेल. कुत्रे रिंगणात काही मिनिटे उभे राहते. त्यानंतरची दहा-बारा वर्षे ते कोणाच्या तरी अंगणात, मुलांच्या आणि शेजाऱ्यांच्या सोबतीने काढायची असतात.